नागीण गेली, दुखणं राहिलं: नसेभोवती भुलीचं इंजेक्शन घेणाऱ्यांसाठी

इंदूरच्या रामबागेतल्या मावशीच्या खोलीत गेल्या वर्षी मे महिन्यात पंखा बंद असायचा. बाहेर पारा चाळीसच्या वर, खिडकीला ओला वाळ्याचा पडदा, आणि तरी पंख्याच्या बटणाला हात लावायचा नाही. वाऱ्याची झुळूक डाव्या छातीखाली लागली की तिथे निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. पोलक्याचं कापड दोन बोटांनी अंगापासून लांब धरून ती तासन्‌तास बसायची. संक्रांतीच्या आठवड्यात तिला नागीण झाली होती. महाशिवरात्रीपर्यंत खपल्या पडून गेल्या, कातडी कोरडी झाली, आग मात्र तशीच राहिली.

पुढे तिला नसेभोवती भुलीचं औषध टोचण्याचा उपचार झाला, दोनदा. पहिल्या वेळी आमच्याकडून एक चूक झाली आणि त्या इंजेक्शनातून जे कळायला हवं होतं ते कळलंच नाही. दुसऱ्या वेळी आम्ही वही घेऊन बसलो. नात्यातले, शेजारचे लोक आता मला याबद्दल विचारतात, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. औषध कोणतं आणि किती, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. पण सुईच्या आधी आणि नंतर घरच्यांनी करायचं बरंच काही असतं, आणि ते कुणी सांगत नाही.

आधी दुखणं नसेचं आहे का ते बघा

सांध्याचं, स्नायूचं दुखणं ठणकतं, जड वाटतं, हालचालीने वाढतं. नसेचं दुखणं जळजळतं, करंट बसल्यासारखं चमकतं, मुंग्या येतात. त्याची मोठी खूण म्हणजे ज्याने दुखू नये त्याने दुखणं: चादर, कंगवा, वारा. आणखी एक विचित्र गोष्ट असते, त्याच जागी बधिरपणाही असतो. मावशी म्हणायची, ‘हात लावला तर कळत नाही, आणि पदर लागला तर जीव जातो.’ डॉक्टरांना नेमकं हेच वाक्य उपयोगी पडलं. दुखण्याचं वर्णन रुग्णाच्या शब्दांत लिहून न्या, आपण त्याचं शुद्धीकरण करू नका.

नागीण म्हणजे लहानपणीच्या कांजण्यांचाच विषाणू. कांजण्या बऱ्या झाल्या तरी तो पाठीच्या कण्याजवळच्या नसेच्या गाठीत झोपून राहतो. वय वाढलं, प्रतिकारशक्ती कमी झाली की त्या एका नसेच्या वाटेने बाहेर येतो. म्हणून पुरळ एकाच बाजूला, पट्ट्यासारखं येतं आणि सहसा शरीराची मधली रेघ ओलांडत नाही. ‘नागिणीचं तोंड शेपटीला भिडलं की माणूस जातो’ हे आपल्या घराघरांत ऐकलेलं आहे. ते खरं नाही. पण या भीतीपोटी गेरूचा लेप आणि उतारे यांत पहिले तीन दिवस जातात, आणि तेच दिवस मोलाचे असतात: विषाणूविरोधी गोळ्या पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर सगळ्यात जास्त काम करतात. मावशीचं तर पुरळ येण्याआधी दोन दिवस डाव्या छातीत दुखत होतं, म्हणून धावत जाऊन ईसीजी काढला. तो नीट निघाला आणि आम्ही निश्चिंत झालो. पाठीवरचे फोड कुणी पाहिलेच नाहीत. गोळ्या सुरू झाल्या पाचव्या दिवशी.

पुरळानंतर तीन महिन्यांहून जास्त दुखत राहिलं की डॉक्टर त्याला नागिणीनंतरचं मज्जातंतूचं दुखणं म्हणतात. हर्नियाच्या ऑपरेशननंतर जांघेत, स्तनाच्या ऑपरेशननंतर काखेत, डोक्याच्या मागच्या बाजूला मानेतून वर चढणारं, घट्ट पट्ट्यामुळे मांडीच्या बाहेरच्या बाजूला जळणारं, अशीही नसेची दुखणी रेंगाळतात. पुढचं बरंचसं त्यांनाही लागू आहे.

भुलीचं औषध नसेत करतं काय

दात काढताना हिरडीत टोचतात तेच हे औषध, किंवा त्याचा भाऊबंद. लिग्नोकेन १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी तयार केलं आणि पुढे ते झायलोकेन या नावाने जगभर गेलं. आपल्याकडचे कंपाउंडर आजही तेच नाव घेतात. नस निरोप पाठवते तो तिच्या आवरणातल्या सूक्ष्म दारांतून सोडियम आत शिरतो म्हणून. औषध ही दारं अडवतं. सोडियम आत नाही, निरोप नाही, वेदना नाही. लिग्नोकेनचा असर साधारण एक-दोन तास, त्याच्या भाऊबंदाचा, बुपिव्हाकेनचा, चार ते आठ, कधी त्याहून जास्त.

मग दोन-चार तासांच्या औषधाने चार महिन्यांचं दुखणं कसं हलेल? मीही हेच विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, दुखावलेली नस कारण नसताना आपोआप निरोप पाठवत राहते, आणि सतत निरोप येत राहिले की मज्जारज्जूतल्या पेशी इतक्या हळव्या होतात की साधा स्पर्शही त्या वेदना म्हणूनच वर पाठवतात. काही तास ही ये-जा पूर्ण थांबली तर कधीकधी तो हळवेपणा उतरतो आणि आराम औषधापेक्षा जास्त टिकतो, काही दिवस, काही आठवडे. सगळ्यांना टिकत नाही, आणि नेमकं कुणाला टिकेल हे आधी सांगता येत नाही. हे ऐकून घेऊनच पुढे जा.

खरं तर आणखी एक गोष्ट ऐकून घ्यायला हवी. नागीण ताजी असताना असे ब्लॉक, म्हणजे नस बधिर करणारी ही इंजेक्शनं, दिले तर त्या काळातलं दुखणं कमी होतं, पण पुढचं रेंगाळणं थांबेलच असं नाही. २००६ साली नेदरलँड्समधल्या एका मोठ्या चाचणीत ताज्या नागिणीत कण्याजवळ एकदा भूल आणि स्टेरॉइड दिलं, तेव्हा पहिल्या महिन्यात थोडा फायदा दिसला, दीर्घकाळचं दुखणं टळलं नाही. जुन्या दुखण्यात पुरावा याहून पातळ आहे. त्यामुळे कुणी ‘एका सुईत कायमचं बरं’ म्हणालं तर तिथून उठा.

सुईआधीच्या पायऱ्या

गोळ्या आधी. गाबापेंटिन किंवा प्रीगाबालिन, नाहीतर अमिट्रिप्टिलिन, नॉरट्रिप्टिलिन. ही सगळी कमी मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवतात आणि असर दिसायला आठवडे लागतात. चार दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून बंद करणारे मी खूप पाहिले. म्हाताऱ्या माणसाला पहिल्या दोघांनी चक्कर येते, म्हणून रात्री मोरीच्या वाटेवर दिवा ठेवा. अमिट्रिप्टिलिनने तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो, प्रोस्टेटवाल्यांना लघवी अडू शकते, हृदयविकार असेल तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं.

लिग्नोकेनची ५ टक्क्यांची पट्टीही मिळते. दुखऱ्या जागेवर, फोड पूर्ण भरल्यावरच, २४ तासांत १२ तास चिकटवायची आणि १२ तास काढून ठेवायची. मावशीला पट्टीचा एक अनपेक्षित फायदा झाला: औषध किती लागू पडलं ते सोडा, पोलक्याचं कापड थेट घासत नव्हतं.

हे करूनही झोप लागत नाही, जेवण तुटलंय, किंवा गोळ्या सोसत नाहीत, अशी वेळ आली की ब्लॉकचा विचार.

कुणाकडे जायचं

हे काम भूलतज्ज्ञांचं, त्यातही वेदना-उपचाराचं शिक्षण घेतलेल्यांचं. इंदुरात गीता भवन, पलासिया भागात पेन क्लिनिकच्या पाट्या दिसतात. खर्च झेपत नसेल तर एमवायमध्ये, म्हणजे महाराजा यशवंतराव रुग्णालयात, एमजीएम मेडिकल कॉलेजच्या भूल विभागात जाऊन चौकशी करा. फोनवर ‘नस का इंजेक्शन’ म्हणालात तर ताकदीचं इंजेक्शन समजतील. ‘नर्व्ह ब्लॉक, नागीण के बाद का दर्द’ असं सांगा.

आम्ही ज्या पहिल्या ठिकाणी गेलो तिथे मावशीच्या पाठीवरचा पदर बाजूला करण्याआधीच पाच इंजेक्शनांचं पॅकेज समोर ठेवलं होतं, आज भरलं तर सूट. मला त्याचा अजून राग येतो. पहिलं इंजेक्शन काय सांगतंय ते कळण्याआधी दुसऱ्याचे पैसे कशाचे?

चांगल्या ठिकाणी आधी बोट आणि कापूस फिरवून दुखऱ्या भागाची हद्द आखतात. तुम्ही विचारा: कोणती नस, कोणतं औषध, त्यात स्टेरॉइड आहे का, सोनोग्राफीत बघून देणार की अंदाजाने. छातीच्या भागात अंदाजाने द्यायचं म्हटलं तर मी तयार होणार नाही, कारण फासळीखाली लगेच फुप्फुसाचं आवरण आहे. सोनोग्राफी मशीन असलं की भिंतीवर ‘गर्भलिंग निदान केले जात नाही’ हा बोर्ड असतो, पेन क्लिनिकमध्ये तो पाहून मावशी गोंधळली होती. आणि एक प्रश्न धीर करून विचाराच: भूल रक्तात जास्त गेली तर देण्यासाठी २० टक्के लिपिड इमल्शन (शिरेतून द्यायचं चरबीचं द्रावण), ऑक्सिजन आणि मॉनिटर आहे का? जिथे आहे तिथले डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाहीत.

तयारीचे दिवस

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, म्हणजे क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन, ॲस्पिरिन आणि नवी औषधं, यांची यादी पहिल्याच भेटीत दाखवा. कण्याजवळच्या खोल ब्लॉकसाठी यांतली काही औषधं काही दिवस थांबवावी लागतात, वरच्यावर असलेल्या नसेसाठी बहुधा नाही. मनाने एकही गोळी बंद करायची नाही. स्टेंट घातलेल्या माणसाने तर नाहीच, हृदयाच्या डॉक्टरांशी बोलूनच.

मधुमेह असेल आणि सुईत स्टेरॉइड असेल तर साखर काही दिवस चढते. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आधीच आणून ठेवा.

ताप, टोचायच्या जागी फोड किंवा पू असेल तर तारीख पुढे ढकला. दातांच्या वेळी भुलीने त्रास झाला होता का ते आठवा. लिग्नोकेनची खरी ॲलर्जी फार विरळ असते, पण सुई घेताना आलेली घेरी लोक ॲलर्जी म्हणून सांगतात, म्हणून नक्की काय झालं होतं ते सांगा.

वजन त्या आठवड्यातलं सांगा. हे मी मुद्दाम लिहिते. दुखण्यात माणूस खंगतो आणि फाइलवर जुनं वजन राहतं. भुलीची कमाल मात्रा वजनावर ठरते: साध्या लिग्नोकेनसाठी साधारण दर किलोला ४.५ मिलिग्रॅम. २ टक्के म्हणजे १ मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम. मावशी ५२ किलोंची होती, तिची मर्यादा २३४ मिलिग्रॅम, म्हणजे १२ मिलिलिटरच्याही आत. म्हातारपणी, यकृत-हृदय कमजोर असेल तर आणखी कमी. त्यातून फासळ्यांमधल्या जागेतून हे औषध रक्तात फार झपाट्याने शोषलं जातं. हिशोब डॉक्टरच करतात, आपण फक्त खरं वजन द्यायचं.

उपाशी राहायचं का ते विचारून घ्या, ठिकाणाप्रमाणे बदलतं. सोबत एक माणूस हवाच, आणि परत जाताना रुग्णाने स्कूटी चालवायची नाही. पुढून पूर्ण उघडणारा सैल कुर्ता घाला. डोक्यावरून काढायचं पोलकं दुखऱ्या अंगाला किती छळतं ते त्या दिवशी कळतं.

टेबलावर

मावशीला उजव्या कुशीवर वळवलं, डावा हात डोक्यावरून पुढे. पाठीवर पिवळट-तपकिरी औषधाने तीनदा गोल पुसलं. मशीनवर गार जेल लागलं तशी ती दचकली. गार जेल दुखऱ्या जागेवर नको होतं, म्हणून डॉक्टर हद्दीच्या बाहेर, कण्याच्या बाजूला सरकले. मला पडद्यावर दिसू दिलं: फासळी म्हणजे वर पांढरी कमान आणि खाली काळी सावली, दोन फासळ्यांच्या मधे एक चकाकती रेघ श्वासासोबत पुढेमागे सरकणारी. ती रेघ फुप्फुसाची. नस वरच्या फासळीच्या खालच्या काठाला दडलेली असते, आधी शीर, मग धमनी, मग नस अशा ओळीत. आधी कातडीत बारीक सुईने भूल, तेवढी चुणचुण. मग लांब सुई रेघेच्या अलीकडे थांबली, पिस्टन थोडा मागे ओढून रक्त येत नाही ना ते पाहिलं, आणि औषध थोडं थोडं, थांबत थांबत सोडलं.

त्या दरम्यान डॉक्टर तिच्याशी सारखे बोलत होते, ‘माँजी, मुँह में लोहे जैसा स्वाद? कान में सीटी?’ हे गप्पांसाठी नव्हतं. तोंडात धातूची चव, ओठांभोवती मुंग्या, कानात आवाज, गरगरणं, उगाच बडबड ही भूल रक्तात चढल्याची पहिली लक्षणं. पुढे झटके आणि हृदयाची लय बिघडणं. रुग्णाला हिंदी नीट समजत नसेल तर ही यादी मराठीत आधीच सांगून ठेवा आणि ‘काही वाटलं तर संकोच करू नकोस’ असं बजावा. आपल्या बायका सोसत बसतात.

नंतर अर्धा ते एक तास तिथेच बसवून ठेवतात. घाई करू नका.

पहिले सहा तास: वही उघडा

आमची चूक इथली. पहिल्या इंजेक्शननंतर मावशी रिक्षात झोपली, घरी येऊन चार तास झोपली. आठवड्याने डॉक्टरांनी विचारलं, ‘सुन्नपन कितनी देर रहा? उस समय दर्द कितना था?’ आम्ही एकमेकींकडे पाहिलं. ती म्हणाली, ‘बरं वाटलं होतं वाटतं.’ एवढ्यावर कुणीच काही ठरवू शकत नाही.

कारण हे इंजेक्शन उपचार आहे तशीच तपासणीही आहे. नस बधिर असतानाच्या तासांत दुखणं किती उरलं, यावरून दुखण्याचं मूळ कुठे आहे ते कळतं. तपासणीचा निकाल प्रयोगशाळेतून येत नाही, तो रुग्णाच्या घरी, पलंगावर, त्याच दुपारी तयार होतो आणि संध्याकाळपर्यंत पुसला जातो.

वही अशी ठेवा. सुईच्या आधी घरून निघताना एक आकडा, शून्य ते दहा: शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सोसवेना. एक ठरावीक स्पर्श निवडा आणि दर वेळी तोच वापरा. आम्ही मलमलीच्या हातरुमालाचा कोपरा घेतला, कण्याकडून छातीकडे एकदा फिरवायचा. दुसरी नोंद बधिरपणाची: त्या जागी बर्फ गार लागतो का? बर्फ फडक्यात गुंडाळून, क्षणभरच. सुईनंतर १५ मिनिटं, अर्धा तास, १ तास, मग सहा तासांपर्यंत दर तासाला. त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ, दोन आठवडे. रुग्णाला झोपू द्या, पण तासाला उठवून विचारा. आधी मागचा आकडा सांगू नका, नाहीतर माणूस आपल्याला बरं वाटावं म्हणून कमी सांगतो.

दुसऱ्या वेळची मावशीची पानं माझ्याकडे आहेत. सकाळी निघताना ८. पंधरा मिनिटांनी ५. एका तासाने १, बर्फ गार लागत नाही, रुमालही कळत नाही. पाच तासांनी २, बर्फ थोडा कळतो. रात्री ४. दुसऱ्या सकाळी ३. नवव्या दिवशी ४, तेराव्याला ५.

यातून काय काढायचं? जागा बधिर झाली आणि दुखणंही उतरलं, तर नस बरोबर सापडली. बधिरपणा ओसरल्यावरही आकडा पूर्ववत झाला नाही, तर हा उपचार पुन्हा करण्यात अर्थ आहे. औषधाच्या तासांपुरताच आराम मिळाला, तर नस बरोबर आहे पण फायदा टिकत नाही. मग त्याच नसेवर पल्स्ड रेडिओफ्रिक्वेन्सीसारखा (सुईतून नसेजवळ थांबत थांबत विद्युतलहरी देण्याचा) दुसरा उपाय करायचा का, यावर डॉक्टर बोलतात. जागाच बधिर झाली नाही, तर औषध नसेपर्यंत पोचलंच नसेल, त्यावरून उपचाराला नापास करू नका. आणि जागा पूर्ण बधिर असूनही आत जळत राहिलं, तर दुखणं त्या नसेच्या वर, मज्जारज्जूत वस्तीला गेलेलं असू शकतं. अशा माणसाला त्याच जागी पुन्हा पुन्हा टोचणं म्हणजे पैसा आणि जीव दोन्ही झिजवणं. ही शेवटची शक्यता ओळखण्यासाठीच मला पहिल्या सहा तासांची इतकी किंमत वाटते.

घरी आल्यावर

टोचलेल्या जागी एक-दोन दिवस ठणका राहतो, चालतं. बधिर जागेवर शेक देऊ नका, भाजलं तरी कळणार नाही. कंबर किंवा जांघेचा ब्लॉक असेल तर त्या दिवशी पाय लटपटतो, एकट्याने उठू देऊ नका.

दम लागणं, श्वास घेताना छातीत टोचणं, खोकला हे छातीच्या ब्लॉकनंतर कधीही, त्या रात्रीही झालं तर तडक इमर्जन्सीत जा आणि ‘आज छातीत नर्व्ह ब्लॉक झालाय’ हे पहिलं वाक्य सांगा. फुप्फुसाभोवती हवा शिरली असेल तर एक्स-रेत दिसते. ताप, जागा लाल-गरम होणं, पायातली ताकद जाणं, लघवी अडणं, अंगभर पित्त उठणं, यांसाठीही दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

एक गोड धोका वेगळाच आहे. बरं वाटलं की माणूस गोळ्या सोडतो. प्रीगाबालिन, गाबापेंटिन एकदम बंद करायची नसतात, हळूहळू उतरवायची असतात. आराम मिळालेले दिवस वापरायचे ते झोप, जेवण, फिरणं परत आणायला. मावशी त्या दोन आठवड्यांत सकाळी गच्चीवर चालायला लागली, आणि मला तरी वाटतं की पुढचा फरक निम्मा त्या चालण्याचा होता.

पुढची सुई

किती घ्यायच्या याचा पक्का आकडा नाही. एकीची वही वाचून दुसरी ठरवायची. स्टेरॉइड असेल तर वर्षात मोजक्याच, हाडं आणि साखर दोन्ही बघून. दोन ब्लॉकनंतर वही काही सांगत नसेल तर थांबा आणि नव्याने तपासणी मागा.

मावशीने तिसरी घेतली नाही. आकडा ३ ते ४ वर ठरला, नॉरट्रिप्टिलिन रात्रीची चालू आहे, पंखा एकवर लागतो. घरातल्या पन्नाशीपुढच्या आम्ही सगळ्यांनी मात्र नागिणीच्या लशीचं विचारलं. नवी लस भारतात २०२३ पासून मिळते, दोन डोस, मधे दोन ते सहा महिने. महाग आहे. माझ्या आईचा दुसरा डोस राखीच्या आसपास आहे.